शंभरातले चौघे

लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलमध्ये, तेव्हा लंडन हॉस्पिटल या नावानं ओळखलं जाणारं जुनं रुग्णालय आहे. तिथले सर्जन रिचर्ड अर्लम आणि ब्राझीलहून आलेले त्यांचे सहकारी कुन्या-मेलो यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक कंटाळवाणं काम अंगावर घेतलं. अन्ननलिकेच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियांविषयी जगभर जे जे छापून आलं होतं, ते गोळा करून त्याची एकत्र बेरीज मांडायची. १२२ लेख हाती लागले, त्यांत ८३,७८३ रुग्ण. १९८० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त ही बेरीज प्रसिद्ध झाली.

ती अशी. हा आजार झालेली शंभर माणसं डॉक्टरकडे आली असं धरा. त्यांतल्या ५८ जणांना टेबलावर घेण्यात अर्थ होता. उघडून पाहिल्यावर गाठ काढता आली ती ३९ जणांची. रुग्णालयातून जिवंत घरी गेले २६. वर्षभरानं १८ उरले, दोन वर्षांनी ९ आणि पाच वर्षांनी ४.

नेहमी केल्या जाणाऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेत इतके मृत्यू होत नाहीत, हेही त्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं. गाठ काढलेल्या दर शंभर रुग्णांमागे २९ जण शस्त्रक्रियेनंतर दगावत होते. त्याच वर्षी याच जोडीनं किरणोपचारांचाही हिशेब मांडला. त्यात पाच वर्षांनी शंभरातले सहा जण जिवंत होते. छाती न फाडता सहा आणि फाडून चार, असं कागदावर दिसल्यावर सर्जन मंडळींना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. अर्थात तुलना सरळ नव्हती. किरणोपचारांना कोणाला पाठवायचं आणि चाकूखाली कोणाला घ्यायचं हे डॉक्टर ठरवत, नाणेफेक नव्हे. पुढे ब्रिटनमध्ये दोन्ही उपचार चिठ्ठ्या टाकून वाटावेत आणि खरं काय ते पाहावं असा प्रयोग सुरू झाला. पुरेसे रुग्णच नोंदवले गेले नाहीत, म्हणून तो गुंडाळावा लागला. आपल्या हाताचा गुण चिठ्ठीवर सोपवायला कोणता सर्जन आनंदानं तयार होईल?

तरी ‘चौघे’ हा आकडा राहिला. माझ्या मते या आजाराच्या उपचारांचा सगळा इतिहास शंभरापासून चारापर्यंत उतरणाऱ्या त्या आकड्यांच्या शिडीच्या एकेका पायरीवर मांडता येतो. कुठल्या पायरीवर किती माणसं गळाली आणि ती गळती कोणी, कशी थांबवली, एवढाच प्रश्न. यातलं चाकूचं श्रेय लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी आहे.

पहिली गळती डॉक्टरकडे जाण्याआधीच होते. अन्ननलिका म्हणजे वीतभराहून थोडी मोठी, साधारण २५ सेंटिमीटरची मऊ स्नायूंची नळी. ती ताणली जाते, आणि तिचा हा गुणच घात करतो. आतून निम्म्याहून अधिक वाट बुजेपर्यंत माणसाला फारसं काही जाणवत नाही. मग एक दिवस भाकरीचा घास छातीत अडल्यासारखा वाटतो. माणूस पाणी पितो, ठसका लागला असेल म्हणतो. पुढच्या महिन्यात भाकरी आमटीत कुस्करून खातो. मग भाकरी सुटते, भातावर येतो. भात सुटला की पेज. पेजही अडायला लागते तेव्हा घरचे उठवून दवाखान्यात नेतात, आणि तोवर वजन दहा-पंधरा किलोंनी उतरलेलं असतं. पोटातल्या आतड्याला बाहेरून जसं गुळगुळीत आवरण असतं तसं या नळीच्या छातीतल्या भागाला नाही. त्यामुळे गाठ भिंत ओलांडून शेजारच्या श्वासनलिकेला किंवा महाधमनीला चिकटायला वेळ लागत नाही. शिवाय भिंतीच्या आतच लसिकावाहिन्यांचं दाट जाळं आहे. त्यातून रोग वर मानेपर्यंत आणि खाली पोटापर्यंत सरकतो. शंभरातल्या ४२ जणांना टेबलावरही का घेता आलं नाही, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

दुसरी अडचण जागेची. मानेतल्या अन्ननलिकेपर्यंत पोचता येत होतं. हायडलबर्गच्या विन्सेन्ट्स चेर्नी यांनी १८७७ साली मानेतला रोगग्रस्त तुकडा काढला, आणि तो रुग्ण वर्षभराहून जास्त जगला. पण छातीतला भाग म्हणजे बंद खोली. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटतं आणि माणूस टेबलावरच गुदमरतो. ब्रेस्लाऊमध्ये मिकुलिच यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण झाउअरब्रुखनं १९०४ साली यावर अचाट तोड काढली. रुग्णाचं धड आणि सर्जन दोघांना कमी दाबाच्या बंद पेटीत ठेवायचं आणि रुग्णाचं डोकं तेवढं पेटीबाहेर! पेटी चालली, पण ती प्रत्येक रुग्णालयात बसवणं अशक्य होतं. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये मेल्ट्झर आणि आउअर यांनी सोपी वाट शोधली. श्वासनलिकेत बारीक नळी घालून हवा आणि भुलीचं औषध सतत फुंकत राहायचं, म्हणजे छाती उघडी असली तरी फुप्फुस फुगलेलं राहतं. ही नळी आली नसती तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

१४ मार्च १९१३. न्यूयॉर्कचं जर्मन हॉस्पिटल. सर्जन फ्रान्झ टोरेक, जन्मानं ब्रेस्लाऊचे. रुग्ण ६७ वर्षांची बाई, गाठ छातीच्या मधोमध. टोरेक यांनी डावीकडून छाती उघडली आणि अन्ननलिकेचा रोगग्रस्त भाग काढला. काढलेल्या भागाच्या जागी काय जोडायचं, याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. म्हणून त्यांनी जोडलंच नाही. अन्ननलिकेचं वरचं टोक त्वचेखालून बाहेर काढलं. पोटावर जठराला भोक आधीच पाडलेलं होतं. त्या दोन भोकांमध्ये, छातीवरून, एक रबरी नळी. बाई जेवायच्या वेळी ती नळी लावायची. घास तोंडातून खाली जाऊन छातीवर बाहेर यायचा आणि रबरातून जठरात उतरायचा.

ऐकायला भयंकर वाटतं. पण ती बाई तशी जेवली आणि बारा-तेरा वर्षं जगली. ऐंशीच्या घरात न्यूमोनियानं गेली, तेव्हा कर्करोगाचा मागमूस नव्हता. मधल्या काळात टोरेक यांनी त्वचेची नळी करून रबराची कटकट संपवण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण तिनं नकार दिला. पुन्हा चाकूखाली जाण्यापेक्षा नळी बरी, असा तिचा हिशेब असणार. मला तो पूर्ण शहाणपणाचा वाटतो.

ती का जगली? वय तिच्या विरोधात होतं. गाठीची जागाही अवघड होती. पण टोरेक यांनी छातीत कुठेही जोड ठेवला नाही, आणि नेमकं हेच तिच्या पथ्यावर पडलं. पुढच्या पिढ्यांत असंख्य माणसं ज्या कारणानं मेली ते कारण तिच्या शरीरात नव्हतंच. अन्ननलिकेला टाके नीट धरत नाहीत. टाका सुटला की लाळ आणि अन्न छातीत पाझरतं, आणि हृदयाभोवतीच्या जागेत पू होतो. जंतुनाशक औषधं नसलेल्या काळात तो पू म्हणजे मृत्यूच. टोरेक यांनी ही लढाई टाळली म्हणून ते जिंकले. दुर्दैवानं जगानं त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं आणि सावधगिरीकडे पाहिलं नाही. पुढची वीस वर्षं छातीतली अन्ननलिका काढण्याचे प्रयत्न इथे-तिथे होत राहिले आणि बहुतेक अपयशी ठरले.

१९३३ साली क्योतोमधून तोरू ओसावा यांनी जठरच वर छातीत ओढून अन्ननलिकेला जोडलेल्या १८ रुग्णांची माहिती दिली. त्यांतले ८ वाचले होते. पाश्चात्य सर्जन मंडळींना ती उशिरा कळली, कारण नियतकालिक जपानचं. १९३८ मध्ये शिकागोच्या अॅडम्स आणि फेमिस्टर यांनी हीच गोष्ट एका बैठकीत यशस्वीपणे केली आणि अमेरिकेत जोडाची वाट खुली झाली. मात्र १९४१ साली ऑक्सनर आणि डिबेकी यांनी तोवरची प्रकरणं जमवली, तेव्हा दर शंभरामागे सत्तरावर माणसं शस्त्रक्रियेतच गेलेली दिसली.

मग इंग्लंडमध्ये काम करणारे वेल्श सर्जन आयव्हर लुइस यांनी एक साधा प्रश्न विचारला: डावीकडून का? डाव्या बाजूनं शिरलं की महाधमनीची कमान आडवी येते. उजवीकडून शिरलं तर अडथळा एका शिरेचा, आणि ती बांधून कापता येते. १९४६ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. आधी पोट उघडून जठर मोकळं करायचं, काही दिवस रुग्णाला सावरू द्यायचं आणि मग उजव्या छातीतून गाठ काढून जठर जोडायचं. आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्यांचं नाव रोज घेतलं जातं, फक्त दोन टप्पे आता एकाच दिवशी होतात. डार्लिंग्टनच्या केनेथ मॅककेऊन यांनी १९७६ मध्ये जोड छातीतून उचलून मानेत नेला. मानेत टाका सुटला तर पू मानेतून बाहेर येतो, जखम चिघळते, पण सहसा माणूस मरत नाही. पुन्हा तेच पाहा. कौशल्य वाढलं असेलही, पण खरा फरक चूक झाली तर काय होईल याच्या विचारानं पडला.

म्हणजे १९१३ ते १९८० अशी ६७ वर्षं गेली आणि हाती आले चार. मधल्या काळात पेनिसिलिन आलं, रक्तपेढ्या आल्या, भुलीचं शास्त्र कितीतरी पुढे गेलं. शिडीवरची मधली गळती, म्हणजे टेबलावरचे आणि त्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांतले मृत्यू, कमी होत गेली. अर्लमनंतर दहा वर्षांनी जर्मनीत अशीच बेरीज पुन्हा मांडली, तेव्हा रुग्णालयातले मृत्यू २९ वरून १३ टक्क्यांवर आले होते. पण शिडीचं पहिलं आणि शेवटचं टोक सैलच होतं. लोक उशिराच येत होते, आणि गाठ निघाली तरी रोग परत येत होता.

पहिल्या टोकाची गोष्ट चीनच्या हेनान प्रांतात घडली. तायहांग डोंगराच्या पायथ्याशी लिन-शिएन नावाचा जिल्हा होता. जमीन खडकाळ, पाण्याची टंचाई इतकी की १९६०च्या दशकात लोकांनी डोंगर फोडून मैलोनमैल लांब ‘लाल निशाण कालवा’ खणला. तिथल्या लोकांना आणखी एक दुखणं पिढ्यानपिढ्या माहीत होतं: घास अडण्याचं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी वैद्यकीय पथकं तिथे पोचली तेव्हा अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण पाहून ती चक्रावून गेली. गावातल्या कोंबड्यांनाही अन्नमार्गाचा कर्करोग होत होता, त्यामुळे दोष खाण्यापाण्यात कुठेतरी असावा असा संशय बळावला. आंबवून हिवाळाभर टिकवलेल्या भाज्या, बुरशी लागलेलं धान्य, जीवनसत्त्वांची उणीव अशी संशयितांची यादी लांब होती.

पण गोष्टीचा नायक आहे एक रबरी फुगा. हेनानच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शेन छ्युंग यांनी तो घडवला. सुती जाळी चढवलेला रिकामा फुगा रुग्णानं गिळायचा. जठरात पोचला की बाहेरच्या नळीतून तो फुगवायचा आणि हळूहळू वर ओढायचा. जाळी अन्ननलिकेची भिंत घासत येते आणि सुटलेल्या पेशी तिला चिकटतात. त्या काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. चिनी भाषेत याला ‘जाळं ओढणं’ म्हणतात, आणि कोळ्यानं जाळं टाकावं तसंच ते होतं. वीज नाही, महागडी दुर्बीण नाही, तरी गावच्या शाळेच्या पडवीत बसून शेकडो धडधाकट माणसं तपासता येत होती. घास अडण्याच्या आधीच, नुसत्या वरच्या थरात असलेला कर्करोग या जाळ्यात सापडू लागला. अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया केली तेव्हा पाच वर्षांनंतर जगलेल्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास निघालं.

चार आणि नव्वद. शस्त्रक्रिया तीच, अवयव तोच. फरक पडला तो माणूस टेबलावर कधी आला याचा. आता इथे थोडं थांबायला हवं, कारण हा आकडा दिसतो तितका निखळ नाही. रोग लवकर सापडला की घड्याळही लवकर सुरू होतं. ज्याला तसाही पाच वर्षांनी त्रास सुरू झाला असता, त्याला आजच पकडलं तर तो ‘पाच वर्षं जगला’ म्हणून आपोआप मोजला जातो. म्हणून सगळे नव्वद उपचारानं वाचले असं म्हणणं भाबडेपणाचं. पण तेवढी वजाबाकी करूनही चार आणि नव्वद यांच्यातलं अंतर भरून निघत नाही.

मुंबईशी या कथेचा धागा परळमध्ये जुळतो. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत खानोलकरांच्या हाती आली. १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख आला. तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी संबंध त्यांनी रुग्णांच्या सवयी मोजून दाखवला. विडी आणि पान-तंबाखू यांच्या देशात हा पुरावा मोलाचा होता. पण तो आजार होऊ नये यासाठी. आजार झालेल्यांसाठी तंबाखूचा दुसरा हिशेब फार कमी लोक मांडतात. वर्षानुवर्षं विडी ओढलेली फुप्फुसं छाती उघडल्यावर दगा देतात, आणि या शस्त्रक्रियेनंतर टाका सुटण्याइतकंच भय न्यूमोनियाचं असतं. म्हणून हल्ली शस्त्रक्रियेआधी विडी सोडायला लावतात, श्वास आत ओढून चेंडू वर चढवायचं छोटं प्लास्टिकचं यंत्र हातात देतात आणि पोटात नळी घालून वजन वाढवतात. शंभरातल्या आणखी दोन-चार जणांची उमेद या बिनझगमगाटाच्या गोष्टींत आहे.

आणखी एक गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. किरणोपचार सलग काही आठवडे, आठवड्याचे पाच दिवस घ्यावे लागतात. जळगाव किंवा लातूरच्या माणसानं मुंबईत तोवर राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देत आली आहे. उपचार अर्धवट टाकून गावी परतलेला रुग्ण कोणत्याही तक्त्यात ‘शस्त्रक्रिया अयशस्वी’ म्हणून दिसत नाही. पण तोही गळालेलाच असतो.

२००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांची तुलना छापली. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत २०.३ टक्के रुग्ण दगावत होते, आणि ती सर्वांत जास्त करणाऱ्यांत ८.४ टक्के. सर्जनचा हात आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री दोन वाजता ताप चढला की तो टाका सुटल्याचा ताप आहे हे ओळखणारी परिचारिका तिथे आहे का? ती वर्षातून दोन शस्त्रक्रिया पाहून तयार होत नाही. नेदरलँड्सनं हे मनावर घेतलं. वर्षाला ठरावीक संख्येनं ही शस्त्रक्रिया न करणाऱ्या रुग्णालयांना ती करूच द्यायची नाही असा नियम झाला. आधी किमान १०, पुढे २०.

त्याच देशात शिडीच्या शेवटच्या टोकालाही हात घातला गेला. रोग परत येतो तो गाठीपलीकडे आधीच विखुरलेल्या पेशींतून, तर चाकूच्या आधीच त्यांचा बंदोबस्त करायचा. क्रॉस नावाच्या चाचणीत ३६६ रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. ब्रिटनमध्ये जे जमलं नव्हतं ते इथे जमलं. एका गटाला थेट शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी पाच आठवडे केमो आणि २३ वेळा किरणोपचार आणि मग शस्त्रक्रिया. निकाल २०१२ मध्ये आला. थेट शस्त्रक्रियेच्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत जगले, तर दुसऱ्या गटातले निम्मे ४९.४ महिन्यांपर्यंत. दोन्ही गटांत शस्त्रक्रियेनंतर दगावलेले सुमारे ४ टक्केच होते. पाच वर्षांनी दुसऱ्या गटात जवळपास निम्मे जिवंत होते. अर्लमची शंभर माणसं आणि ही ३६६ एकाच मापानं मोजता येणार नाहीत. क्रॉसमध्ये निवडलेले, तब्येतीनं बरे, शस्त्रक्रियेजोगे रुग्ण होते, आणि बहुतेकांना पाश्चात्य देशांत वाढलेला, जठराच्या तोंडाजवळचा दुसऱ्या प्रकारचा कर्करोग होता. भारतात आजही बहुतेक रुग्णांना होतो तो वेगळा, अन्ननलिकेच्या वरच्या आणि मधल्या भागातला. पण त्यात किरणोपचार आणखी चांगले लागू पडतात. क्रॉसमध्ये त्या प्रकारच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या तुकड्यात कर्करोगाची एक पेशीही उरलेली नव्हती.

यातून डच डॉक्टरांना एक अस्वस्थ करणारा प्रश्न पडला. तुकड्यात काही नव्हतंच, तर तो काढला कशाला? छाती उघडली, जठर वर ओढलं, आयुष्यभराचं थोडं थोडं खाणं आणि उशा रचून झोपणं त्या माणसाच्या नशिबी आलं, ते कशासाठी? मग सॅनो नावाची चाचणी झाली. केमो आणि किरणोपचारांनंतर दुर्बिणीतून आणि तुकडा तपासून ज्यांच्या अन्ननलिकेत रोग दिसत नव्हता, त्यांतल्या काहींची लगेच शस्त्रक्रिया केली आणि काहींना ठरावीक महिन्यांनी पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून नुसतं तपासत राहिले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण साधारण सारखंच निघालं. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणांची गाठ पुन्हा उगवली आणि त्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं. बाकीच्यांतले काही आजही तपासणीच्या तारखा सांभाळत, स्वतःच्याच अन्ननलिकेतून जेवत आहेत.